माका घ्यायचाय? आधी कोणता माका ते ठरवा

गेल्या श्रावणात एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. गोव्यात, फोंड्याला माझी फार्मसी आहे आणि बाईंच्या महिन्याच्या गोळ्या गेली कित्येक वर्षं माझ्याकडूनच जातात. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढून काउंटरवर ठेवली. "हा माका. भाचीनं फोनवर सांगितलं, थकवा जातो म्हणून. दुधातून घेऊ ना?"

पुडी उघडली. आत हिरवट-करडी पूड, आणि वास थेट डोक्याला लावायच्या तेलाचा. माका होता खरा, पण आपला माका. शेताच्या बांधावर, ओहोळाच्या काठाला उगवतो, पांढरी बारीक फुलं येतात तो, म्हणजे भृंगराज. भाचीनं सांगितलेला माका दक्षिण अमेरिकेतला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. बाईंनी काष्ठौषधींच्या दुकानात "माका पावडर द्या" म्हणून सांगितलं आणि दुकानदारानं त्याला ठाऊक असलेला माका बांधून दिला. त्यात त्याची काही चूक नव्हती.

मराठीत हा घोटाळा तिहेरी आहे. मका म्हणजे कणसाचा, माका म्हणजे केसांचा, आणि आता हा तिसरा. शिवाय तो पेरू देशातून येतो, म्हणून "पेरूची पावडर" मागणारेही मला भेटलेत. तेव्हा पहिली पायरी हीच: दुकानात किंवा मोबाईलवर मागताना "माका रूट" म्हणा आणि पाकिटावर "लेपिडियम मेयेनी" हे शास्त्रीय नाव आहे का ते बघा. काही पाकिटांवर "लेपिडियम पेरुव्हियानम" असतं, तेही चालतं. "एक्लिप्टा" दिसलं तर तो भृंगराज. तो आपल्या जागी गुणी आहे, पण आपल्याला हवा तो हा नव्हे.

हा कंद आहे, एवढं पक्कं डोक्यात ठेवा

पूड समोर आली की ती औषध वाटते. म्हणून मी प्रत्येकाला आधी तो कंद डोळ्यांसमोर आणायला सांगतो. आपल्याकडचा नवलकोल घ्या आणि तो लिंबाएवढा लहान झालाय असं समजा. वर पानांचा जमिनीला चिकटलेला झुबका, खाली गोलसर कंद आणि त्याची निमुळती शेपटी. नवलकोल, मुळा, मोहरी, कोबी ही सगळी एकाच कुळातली मंडळी आणि माकाही त्याच कुळातला. त्याच्या चवीत मागून येणारा मोहरीसारखा झणका त्या कुळाचा.

तो येतो पेरूच्या मध्य भागातल्या हुनिन पठारावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई 1646 मीटर. त्याच्या दुपटीहून जास्त उंची. तिथे दिवसा ऊन पोळतं, रात्री दहिवर गोठतं आणि दुसरं पीक जेमतेम तग धरतं. 1653 मध्ये बर्नाबे कोबो या स्पॅनिश जेझुइट पाद्र्यानं या कंदाचं वर्णन लिहून ठेवलंय, तेही याच भागातलं. तिथले शेतकरी कंद उपटल्यावर उघड्यावर पसरतात. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांत आठवडेच्या आठवडे तो वाळतो, दगडासारखा होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

आता या लेखातली सर्वात कामाची गोष्ट. तिथली माणसं माका कच्चा खात नाहीत. सुका कंद भिजवतात, मऊ होईपर्यंत उकडतात, मग लापशी करतात किंवा घोटून पितात. बटाटाही त्याच अँडीज पर्वतातून जगभर गेला, पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आला, आणि आपण तो शिजवूनच खातो. मग माक्याची कच्ची पूड थंड पाण्यात ढवळून का प्यायची? पोटात गुबारा धरला, गॅस झाला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

(बाल्कनीत लावून बघू का, असंही विचारतात. नका. गोव्याच्या दमट उकाड्यात थंडीचं पीक कंद धरणार नाही.)

कोणी घेऊ नये

खरेदीच्या आधी हे वाचा, म्हणजे नको असेल तर पैसे वाचतील.

थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मोहरीच्या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात आणि माक्यात ती बऱ्यापैकी असतात. शरीरात आयोडिन कमी असेल तर ती थायरॉईडच्या कामात अडथळा आणू शकतात. शिजवल्यावर त्यांचं प्रमाण घटतं, पण पूर्ण जात नाही. त्या बाईंना मी याच कारणासाठी थांबवलं. थकवा त्यांच्या थायरॉईडचाच असू शकत होता. गोळीचं प्रमाण तपासायला त्या दीड वर्ष गेल्या नव्हत्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. पेरूतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या खातात हे खरं, पण त्या उकडलेला कंद जेवण म्हणून खातात. पाकिटातल्या पुडीची या अवस्थेतली सुरक्षितता कोणी नीट तपासलेली नाही. मुलांनाही देऊ नका. चीननं 2011 मध्ये माक्याच्या पुडीला नवं अन्न म्हणून परवानगी दिली, तेव्हा बालकं, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना ती योग्य नाही असंच म्हटलं.

स्तनाचा, गर्भाशयाचा किंवा बीजांडाचा कर्करोग झालेला असेल, गर्भाशयात फायब्रॉईडच्या गाठी असतील, एंडोमेट्रिओसिस असेल, तर आधी डॉक्टर. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तरी तसंच. रक्तदाब असलेल्यांनी घरी यंत्रावर मोजत राहावं. एका छोट्या अभ्यासात, दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून थोड्याच जास्त मात्रेवर, खालचा रक्तदाब वाढलेला दिसला होता.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची रक्ततपासणी करायची असेल तर माका घेतोय हे डॉक्टरांना सांगा. माका घेणाऱ्या एका तरुणीचा हा आकडा तपासणीच्या पद्धतीमुळे खोटा वाढलेला आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. लोक सांगत नाहीत, कारण "ते काय औषध थोडंच आहे" असं त्यांना वाटतं.

त्यानं नेमकं काय होतं?

दुकानात हा प्रश्न बहुतेक वेळा हळू आवाजात येतो. शेजारी दुसरं गिऱ्हाईक नाही ना हे बघून एखादा तरुण विचारतो, "काका, ती माका पावडर… खरंच उपयोग होतो?" लाजायचं काही कारण नाही, म्हणून मी सरळ उत्तर देतो.

लिमामध्ये डॉ. गुस्तावो गोन्सालेस यांच्या गटानं 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सर्वात जास्त सांगितला जातो. 21 ते 56 वयाच्या निरोगी पुरुषांना रोज दीड किंवा तीन ग्रॅम माका बारा आठवडे दिला. आठव्या आठवड्यापासून कामेच्छा वाढल्याचं त्या पुरुषांनी सांगितलं. टेस्टोस्टेरॉन मात्र होता तिथेच राहिला. हे वाक्य मी दोनदा सांगतो, कारण जाहिराती नेमकं याच्या उलट छापतात. पाळी गेलेल्या बायकांवरचा 2008 चा एक अभ्यास आहे, जेमतेम चौदा जणींचा. त्यांना रोज साडेतीन ग्रॅम दिल्यावर उदासी आणि बेचैनी थोडी कमी झाली. संप्रेरकं तशीच राहिली.

हे सगळे अभ्यास लहान आहेत. सगळे एकत्र तपासणाऱ्यांनीही पुरावा तोकडा आहे असंच लिहिलंय. म्हणजे काहींना फरक जाणवतो, काहींना नाही, आणि जाणवला तर आठ-बारा आठवड्यांनी. तीन दिवसांत परिणाम दाखवणारी पुडी मिळाली तर घाबरा. "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या, डब्यावर माक्याचं नाव मिरवणाऱ्या काही उत्पादनांत सिल्डेनाफिल हे ताठरतेवरचं खरं औषध लपवून मिसळल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वेळोवेळी पकडलंय. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस जाऊ शकतो.

आणि ताठरतेची तक्रार काही महिने टिकली असेल तर माका शोधत बसू नका. साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. बऱ्याचदा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या दुखण्याची ही पहिली खूण असते. मी हे काउंटरवरून सांगतो तेव्हा लोक नजर चुकवतात, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पोषणाचा हिशेबही करून टाकू. "लोहानं भरलेला" असं पाकिटावर लिहितात. सुक्या माक्यात शंभर ग्रॅमला साधारण 15 मिलीग्रॅम लोह असतं. तुम्ही घेणार तीन ग्रॅम, म्हणजे अर्धा मिलीग्रॅमसुद्धा नाही. कॅल्शियमचंही तेच. तीस ग्रॅम नाचण्याच्या वाटीभर तिझानात, म्हणजे आमच्याकडच्या नाचण्याच्या गोड लापशीत, शंभरेक मिलीग्रॅम कॅल्शियम मिळतं. तीन ग्रॅम माक्यात सात-आठ. रक्त वाढवायला माका घेऊ नका.

कुठे मिळतो, आणि पाकीट कसं वाचायचं

गोव्यात दोन ठिकाणी मिळतो. एक म्हणजे किनारपट्टीवर, आसगाव-हणजूणपासून मांद्रे-हरमलपर्यंतची सेंद्रिय मालाची दुकानं. परदेशी पाहुण्यांमुळे तिथे हा माल आधी आला. दुसरं म्हणजे पणजी, मडगाव, म्हापसा इथली मोठी किराणा दुकानं आणि काही फार्मसी. बाकी सगळे मोबाईलवरून मागवतात.

सुटा माल घेऊ नका. मी स्वतः एकदा किनारपट्टीवरच्या एका दुकानातून बरणीतला माका तोलून आणला होता. घरी आणल्यावर चमचाभर जिभेवर ठेवला तर मळकट पिठाची चव, झणका कुठेच नाही. त्यात किती माका होता आणि किती कणसाचं पीठ, कोणी सांगावं. बिल नव्हतं, बॅच नंबर नव्हता, जाऊन भांडायचं तर कशाच्या आधारावर? तेव्हापासून बंद पाकिटाशिवाय बात नाही.

पाकीट हातात आलं की मी कसं वाचतो ते सांगतो. आधी मागची बाजू. पुढच्या बाजूवर बहुतेक जाहिरातच असते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक शोधा. तो त्यांच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते कळतं. मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल हवंच. ते नसेल तर तो माल कोणाच्या तरी सामानातून आलाय असं समजा. "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची सूचनाही पूरक आहाराच्या पाकिटावर असावी लागते. ज्या पाकिटावर ती सूचना नाही आणि वर "पुरुषत्वाची शंभर टक्के हमी" आहे, ते परत ठेवा.

मग मूळ देश. पेरू लिहिलेलं असेल तर उत्तम. चीनच्या युनान प्रांतातही माका मोठ्या प्रमाणात पिकवला जातो. तो वाईटच असं नाही, पण पेरूचा म्हणून जास्त पैसे मोजत असाल तर तसं छापलेलं हवं. अख्खे सुके कंद कोणी "थेट पेरूहून" म्हणून विकत असेल तर जपून. प्रक्रिया न केलेला कंद देशाबाहेर पाठवायला पेरूनं बंदी घातली आहे.

यानंतर एक शब्द येतो आणि शाकाहारी घरं तिथेच अडतात: "जिलेटिनाइज्ड". एका काकूंनी याच शब्दापायी पाकीट परत आणून दिलं होतं, "यात प्राण्यांचं जिलेटिन आहे" म्हणून. नाही हो. पिठातला स्टार्च उष्णतेनं आणि दाबानं फुलवून शिजवला, एवढाच त्याचा अर्थ. भाताची पेज घट्ट होते तेव्हा तांदळाच्या स्टार्चचं हेच होतं. म्हणजे ही शिजवलेल्या माक्याची पूड आहे. पचायला हलकी, आणि नवख्यानं हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. थोडी महाग पडते, पडू दे. जिलेटिनची खरी शंका कॅप्सूलच्या टोपणाबद्दल घ्यायला हवी, आणि तिथे हिरवा ठिपका बघितला की काम झालं.

पिवळा, लाल आणि काळा असे माक्याचे तीन मुख्य रंग मिळतात. रंग सालीचा असतो, आतला गर बहुधा फिकटच. सर्वात जास्त पिकतो आणि स्वस्त मिळतो तो पिवळा. लाल बायकांसाठी, काळा पुरुषांसाठी अशी विक्रेत्यांनी वाटणी करून टाकली आहे. त्यामागचे प्रयोग बरेचसे उंदरांवरचे. सुरुवात पिवळ्यानं करा.

कॅप्सूल, पूड की अर्क? पूड. कॅप्सूल बहुधा पाचशे मिलीग्रॅमची असते, म्हणजे तीन ग्रॅमसाठी रोज सहा गिळायच्या, आणि आत काय आहे त्याचा वास-रंगही कळत नाही. अर्काच्या डब्यावर "दहास एक" वगैरे लिहिलेलं असतं. त्या मात्रेची साध्या पुडीशी बरोबरी करता येत नाही, म्हणून नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. जमिनीखाली वाढणारं पीक मातीतलं शिसं-कॅडमियमही उचलतं. तेव्हा बॅचचा तपासणी अहवाल मागा. चांगला विक्रेता ईमेलनं पाठवतो. टाळाटाळ झाली की समजायचं.

किती घ्यायचा आणि किती आणायचा

पहिले चौदा दिवस रोज दीड ग्रॅम, सकाळी, काहीतरी खाऊन. पोट शांत राहिलं, झोप बिघडली नाही, तर पुढचे दहा आठवडे रोज तीन ग्रॅम. मिळून बारा आठवडे. पहिल्या पंधरवड्याला 21 ग्रॅम आणि पुढच्या सत्तर दिवसांना 210, म्हणजे एकूण 231 ग्रॅम लागतील. अडीचशे ग्रॅम पुरे. किलोचा डबा "स्वस्त पडतो" म्हणून आणू नका.

मोजायला चमचा वापरू नका. आमच्याच घरात तीन चहाचे चमचे आहेत आणि तिन्हींत वेगवेगळी पूड मावते. मसाले तोलायचा छोटा काटा असतो तो घ्या. एकदा दीड आणि तीन ग्रॅम तोलून बघितलं, ते कोणत्या चमच्यात कुठपर्यंत येतं हे डोळ्यात भरलं, की रोज काटा काढायची गरज नाही. पण तोच चमचा पाकिटापाशी ठेवा.

संध्याकाळनंतर घेऊ नका. काहींना तरतरी येते आणि मग रात्री पंखा बघत पडून राहावं लागतं. थायरॉईडची गोळी चालू असून डॉक्टरांनी माक्याला होकार दिला असेल, तर गोळी नेहमीसारखी रिकाम्या पोटी घ्या आणि माका नंतर, न्याहारीबरोबर.

स्वयंपाकघरात

माक्याच्या पुडीचा रंग भाजलेल्या बेसनाच्या जवळपास जातो. वास गोडसर, थोडा खरपूस, माल्टच्या दुधासारखा. मागून मुळ्याची चाहूल. म्हणून तो गुळाशी, नारळाशी, केळ्याशी, काजूशी जमतो. आंबटाशी जमत नाही. सोलकढीत घालून बघितला आहे, त्यात माका वाया जातोच, वर सोलकढीही जाते.

माझ्या मते त्याची खरी जागा नाचण्याच्या तिझानात आहे. आमच्या घरी असं करतात: रात्री भिजवलेले नाचणे सकाळी वाटून फडक्यातून गाळून घ्यायचे. ते दूध जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर ठेवायचं आणि हात थांबवायचा नाही, थांबलात की गुठळी. घट्ट व्हायला लागलं की किसलेला माडाचा गूळ आणि चिमूटभर मीठ. गूळ विरघळताना काळपट-तपकिरी रेघा ओढतो आणि सगळं एकरंगी होतं, त्या वेळी माका घालायचा. कच्च्या माक्याची पूड असेल तर वाटीभर पाण्यात आधी कालवून घाला आणि पुढची दहा मिनिटं रटरटू द्या. जिलेटिनाइज्ड असेल तर आच बंद करून मग घाला. शेवटी नारळाचा जाड रस. कोमट असतानाच खा. गार झालं की वडीसारखं बसतं.

तिझानाची खटपट रोज होत नाही, हे मान्य. मग मयड्याचं (गोव्यातल्या मयडे गावचं) केळं कुस्करून त्यात पूड आणि गरम दूध, किंवा उकड्या तांदळाच्या पेजेत गुळाच्या खड्याबरोबर. भाकरीच्या पिठात मळूनही चालतो, पण मग घरातल्या कोणाच्या पोटात किती गेला त्याचा हिशेब राहत नाही. म्हणून आपली वाटी वेगळी काढून घ्या.

पावसाळा

गोव्याबाहेरच्या लेखांत हे सापडत नाही आणि आपल्याकडे माका बिघडतो तो बहुतेक याच पायी. जून लागला की हवेतलं पाणी मिठाच्या बरणीत शिरतं, तसंच माक्याच्या पाकिटात शिरतं. त्यात झिप असलेल्या पाकिटाची झिप पुडीच्या कणांनी भरते आणि नीट बसत नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैत माझं अर्धं पाकीट असंच गेलं. वरून सुकं दिसत होतं. चमचा आत खुपसला तर खाली खडा लागला, तो फोडला तर आत करडी रेघ आणि दमट गोणपाटाचा वास. चाळून वापरायचा मोह होतो. करू नका, बुरशी रेघेपुरती नसते. सगळं टाकून द्या.

आता असं करतो. पाकीट आणलं की त्याच दिवशी दोन-तीन लहान काचेच्या बरण्यांत वाटून टाकायचं, घट्ट झाकणाच्या, आधी उन्हात कोरड्या केलेल्या. औषधांच्या डब्यांत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या. एकच बरणी वापरात ठेवायची, बाकीच्या कपाटात. फ्रिज नको: बाहेर काढताच गार काचेला दव धरतं आणि झाकण उघडलं की ते आत उतरतं. चुलीवर वाफ येत असताना बरणी उघडायची नाही. पूड आधी वाटीत काढून ठेवायची. आणि बारा आठवड्यांची सुरुवात चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, पाऊस ओसरताना केली तर ही सगळी कसरत निम्मी होते.

वही ठेवा, आणि मग थांबा

सुरुवात करण्याआधी एक आठवडा काहीच न घेता लिहा. झोप किती तास, दुपारी डुलकी लागली का, उत्साह दहापैकी किती, पोट कसं, रक्तदाब किती. बायकांनी पाळीच्या तारखा. रात्री दोन ओळी पुरतात. त्या आठवड्याशिवाय पुढच्या बारा आठवड्यांतलं "बरं वाटतंय" कशाशी ताडून बघणार?

त्याच काळात व्यायाम सुरू केला, रात्रीचं जागरण सोडलं, कामावरून सुट्टी घेतली, तर तेही लिहा. माझ्या एका गिऱ्हाइकानं माक्याचं फार कौतुक केलं होतं. वही बघितली तर त्याच महिन्यात रात्रपाळी सुटली होती.

बारा आठवडे झाले की चार आठवडे बंद. बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही तर पुढचं पाकीट घेऊ नका. फरक पडला तर पुन्हा तीन ग्रॅमवर या, त्याच्या वर जायचं कारण नाही. मधेच छातीत धडधड, अंगावर पुरळ, मानेशी सूज, पाळीत मोठा बदल यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा. नुसतं "एक आयुर्वेदिक पावडर घेत होतो" म्हणून सांगितलं तर त्यांना काही कळणार नाही. आणि माका आयुर्वेदातला नाहीही.

माल बनावट निघाला, लेबल खोटं निघालं, तर पाकीट आणि बिल जपून ठेवा. बांबोळीला पवित्र क्रुसाच्या कपेलासमोर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार देता येते. मोबाईलवरून मागवलेल्या मालासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक. उरलेली पूड पाकिटासकट द्या. तपासायला तीच लागते.

त्या शिक्षिका बाईंनी भृंगराजाची पुडी दुकानदाराला परत केली नाही, खोबरेल तेलात उकळली. थायरॉईडची तपासणी त्याच आठवड्यात झाली, गोळी पंचवीस मायक्रोग्रॅमनं वाढली. दिवाळीला फराळ घेऊन आल्या तेव्हा जिना चढताना धाप लागत नसल्याचं स्वतःहून सांगत होत्या. माक्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.